जिंजी कशी पडली

डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या बापाला आपली मुलं आडवीच माहीत असतात. सकाळची फास्ट पकडायला मी बाहेर पडतो तेव्हा दोघं पांघरुणात असतात, आणि रात्री दादरपासून एका पायावर उभा राहून, दिवा गेल्यापासून दाराकडे सरकत सरकत, उतरल्यावर रिक्षाच्या रांगेत डुलक्या काढत घरी पोचतो तेव्हाही पांघरुणातच असतात. कन्या किती उंच झाली हे इतर बाप भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवरून सांगतात, मी गादीबाहेर आलेल्या पायांवरून सांगतो. मध्यंतरी पालकसभेला तिच्या शाळेत गेलो, तर जिन्यावरून एक मुलगी धडधडत माझ्या अंगावर आली. मी सभ्यपणे बाजूला होऊन तिला वाट करून दिली. ती आमचीच होती. उभी पाहायची सवय नव्हती, इतकंच.

आमच्या बाबांच्या वेळी हा प्रश्न नव्हता. तेही लोकलनेच जायचे, तेही दमून यायचे, पण घरात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यावरूनच विचारायचे, "एकोणतीस सत्ते?" मी "दोनशे तीन" म्हणालो तर चपला काढून कपाटात जायच्या, आणि अडखळलो तर एक चप्पल हातातच राहायची. पाढे म्हणून झाले की ते वर्तमानपत्रामागे जात आणि मी खाली खेळायला जाई. वडील आणि मुलगा यांच्यातला दिवसभराचा स्नेहसंबंध तेवढ्यात आटपायचा. दोघंही सुखी होतो.

हल्ली तेवढ्यावर भागत नाही. ऑफिसात, डब्यात, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल तो सांगतो की वडिलांनी मुलांबरोबर काहीतरी "ॲक्टिव्हिटी" केली पाहिजे. आमच्या डब्यात भजनी मंडळात टाळ वाजवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी तर मला मुलुंड ते घाटकोपर एवढ्या वेळात नुसत्या नावांची यादीच म्हणून दाखवली: नौकाविहार, पतंग, निसर्गभ्रमंती, किल्ला, मातीकाम. मी घरी येऊन ती जशीच्या तशी बायकोला ऐकवली. तिने पोळी लाटता लाटता मान वर केली आणि म्हणाली, "यातलं तुला काय येतं?"

मी म्हणालो, "येण्याचा प्रश्न नाही, सहवासाचा प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली. या "बरं"चा अर्थ लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांना सांगायची गरज नाही.

पहिला मान ठाण्याच्या तलावपाळीला दिला. ठाणं हे तलावांचं शहर, आणि मासुंदा हा त्यातला सगळ्यांचा लाडका. एका अंगाला कोपिनेश्वराचं देऊळ, एका अंगाला गडकरी रंगायतन, भोवती कठड्यावर भेळ खात बसलेली जनता आणि मध्ये पायांनी चालवायच्या बोटी. चिरंजीव बालवाडीत आहेत, त्यांना बोट हा प्रकार अतिशय आवडला. मी पायडल मारायला लागलो आणि मला जाणवलं की आपण बोट उत्तम चालवतोय, वेग चांगला आहे, फक्त रंगायतन पुन्हा पुन्हा येतंय. आधी डावीकडून आलं, मग समोरून, मग पुन्हा डावीकडून. मी आणखी जोर लावला तशी नाटकाची पाटी आणखी भराभर यायला लागली. कठड्यावरच्या लोकांनी भेळ खायची थांबवली होती. अखेर कन्येने विचारलं, "बाबा, हा मधला दांडा कशाला असतो?" तो सुकाणूचा दांडा होता. हाताला आधार बरा म्हणून मी तो बसल्यापासून एका बाजूला घट्ट दाबून धरला होता.

चिरंजीव मात्र उतरायलाच तयार नव्हते. त्यांच्या मते हा आकाशपाळणा होता, आणि तोही पाण्यातला.

परतीच्या गाडीत वडील म्हणून आपण काहीतरी ज्ञान द्यावं असं मला वाटलं. ठाणे स्टेशन सुटता सुटता मी सांगायला सुरुवात केली की बघा, देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघून याच ठाण्याला आली, तिला 14 डबे होते, आत 400 पाहुणे होते आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान नावाची तीन इंजिनं होती. कन्येने मनातल्या मनात भागाकार केला. (आजोबांचे पाढे एक पिढी सोडून उतरले आहेत.) "म्हणजे एका डब्यात अठ्ठावीस-एकोणतीस माणसं," ती म्हणाली. डब्यात क्षणभर शांतता पसरली. मग माझ्या मागून कुणीतरी दबलेल्या आवाजात म्हणालं, "तेवढी तर माझ्या एका खांद्यावर आहेत."

घोडबंदर रोडला ओवळ्यात ओवळेकर वाडी म्हणून फुलपाखरांची बाग आहे, तिथेही एका रविवारी गेलो. काही फुलपाखरं पंख मिटून बसली की हुबेहूब वाळक्या पानासारखी दिसतात, हे मी वाचून गेलो होतो. तसं एक मला लगेच सापडलं. मी मुलांना ओठांवर बोट ठेवून जवळ बोलावलं, निसर्गाची किमया, शत्रूपासून बचाव वगैरे कुजबुजत्या आवाजात समजावून सांगितलं, आणखी दोन कुटुंबं येऊन मागे उभी राहिली, त्यांनाही सांगितलं. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ते खाली पडलं. वाळकं पान होतं.

संक्रांतीच्या पतंगाबद्दल जास्त सांगत नाही. नायलॉनच्या मांजाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्याने पक्षी कापले जातात, दुचाकीवरची माणसं कापली जातात, म्हणून आम्ही साधा सुती दोरा आणला होता. खरं तर माझ्या हातात कुठलाही मांजा दिला असता तरी पक्ष्यांना काडीचा धोका नव्हता. कन्नी बांधण्यात मी असा काही हात चालवला होता की पतंग गच्चीच्या कठड्याच्या वर गेलाच नाही. शेजारच्या गच्चीवरून मात्र "काटा रे काटा" अशी आरोळी आली. त्यांनी माझा पतंग कापला नव्हता. माझ्या करंगळीकडे बघून म्हणत होते.

एवढं सगळं झाल्यावर शहाणा माणूस वर्तमानपत्रामागे गेला असता. पण तेवढ्यात दिवाळी आली.

आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात. जगात कुठल्याही बापाला याहून सोयीचा कार्यक्रम मिळालेला नाही. सुट्टी असते, मुलं घरी असतात, विटा आणि लाल माती फुकटात किंवा स्वस्तात मिळते, आणि वर महाराजांचं नाव असल्यामुळे आईला "कपडे मळवू नका" असं म्हणता येत नाही. त्यात 2025 चं वर्ष वेगळं होतं. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला होता, त्यामुळे सोसायटीच्या सभेत पार्किंगवरचं नेहमीचं भांडण आटपल्यावर असं ठरलं की यंदा किल्ल्यांची स्पर्धा घ्यायची, बारा गट करायचे आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला त्या बारांतला एकेक किल्ला द्यायचा.

घरी मी मुलांना गोळा करून माझ्या लहानपणच्या किल्ल्यांच्या गोष्टी सांगायला लागलो. कसे आम्ही रात्र रात्र जागायचो, कसा मी एकट्याने बुरूज रचायचो, कशी आख्खी आळी बघायला यायची. आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती वर न बघताच म्हणाली, "किल्ला वरच्या मजल्यावरची मुलं करायची. हा शेवटच्या दिवशी चित्रं मांडायला जायचा. त्यातही गवळण गडावर आणि महाराज विहिरीत ठेवायचा."

कन्येने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या आईकडे पाहिलं. आईने वातीकडे पाहिलं.

चिठ्ठी उचलायला मी चिरंजीवांना पुढे केलं, लहान मुलाच्या हाताला यश असतं म्हणून. बी विंगमधल्या इंजिनिअर साहेबांना रायगड आला. समोरच्यांना प्रतापगड. तळमजल्यावरच्यांना सिंधुदुर्ग, म्हणजे त्यांनी फक्त एक परात पाणी आणायचं. कुणाला राजगड, कुणाला शिवनेरी, कुणाला पन्हाळा. आणि आमच्या हाताच्या यशाला आली जिंजी.

जिंजी! बारांतले अकरा किल्ले महाराष्ट्रात, हा एकटा तमिळनाडूत. मी त्याचं नाव ऐकून होतो, पण त्याचा आकार कसा, दार कुठे, वर काय, हे काही ठाऊक नव्हतं. कन्या मात्र चौथीत आहे आणि चौथीत वर्षभर शिवाजी महाराजच असतात. तिने वाट्टेल तेवढा इतिहास तोंडपाठ केलेला, उरलेला आजीकडून वदवून घेतलेला. ती मला समजावू लागली की महाराजांनी दक्षिणेच्या मोहिमेत 1677 साली जिंजी घेतली, पुढे संभाजी महाराजांच्या नंतर राजाराम महाराज तिथे जाऊन राहिले, स्वराज्याचा कारभार तिथून चालला, आणि झुल्फिकारखान बाहेर वेढा घालून सुमारे आठ वर्षं बसला तेव्हा कुठे 1698 मध्ये किल्ला पडला, तोही राजाराम महाराज निसटून गेल्यावर. "आणि बाबा, तिथे तीन डोंगर आहेत. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग. तिन्हींभोवती मिळून एक तट."

"तीन?" मी विचारलं. मला एकाचीही खात्री नव्हती.

"आणि खाली कल्याण महाल आहे."

इथे मात्र डोंबिवलीकर म्हणून माझ्या मनाला लागलं. आयुष्यभर आमच्याकडे गाडी येते ती कल्याणहून भरून येते, तिसरं-चौथं सीट कल्याणकरांनी अडवलेलं असतं. आता हजार किलोमीटरवर तमिळनाडूतसुद्धा महाल आहे तो कल्याण. डोंबिवलीच्या नावाचा एखादा बुरूजही नाही!

खरा किल्ला बघून हात तयार करावा म्हणून आम्ही दुर्गाडीला गेलो. कल्याणच्या खाडीकाठचा हा किल्ला. 1657 च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला सुरुवात झाली. ही जागा बघितली की छाती आपोआप भरून येते, माझीही आली. मी टेकडीच्या कडेला उभा राहिलो, एक हात मुलांच्या खांद्यावर ठेवला, दुसरा हात लांबवर दाखवला आणि भारावलेल्या आवाजात म्हणालो, "डोळ्यांसमोर आणा. त्या तिथे जहाजं एकामागून एक उभी आहेत, खलाशांची लगबग आहे, डोलकाठ्या आहेत..."

दोघंही डोळे बारीक करून बघत होती. शेवटी कन्या हळूच म्हणाली, "बाबा, खाडी मागे आहे."

मी ज्याला आरमार म्हणत होतो तो पुलाकडे जाणाऱ्या टेम्पोंचा ट्रॅफिक जॅम होता. पण एकामागून एक उभे होते, हे तुम्हीही मान्य कराल.

मग प्रत्यक्ष काम सुरू झालं. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत प्रत्येकाला चुन्याने चौकोन आखून दिला होता. आमच्या शेजारीच रायगड. इंजिनिअर साहेबांनी पहिल्याच संध्याकाळी गुडघ्यावर बसून, दोरी लावून, पाणसळ ठेवून पाया घातला. त्यांचा नकाशा प्रमाणात होता. नगारखाना मोजून, टकमक टोक मोजून, हिरकणी बुरूज मोजून. महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बेमालूम दडवला होता की समोर येईपर्यंत शत्रूला तो दिसूच नये, अगदी खऱ्या रायगडावर आहे तसा. मी वाकून वाकून बघितला आणि थक्क झालो. आमच्या किल्ल्याचा दरवाजासुद्धा कुणालाच दिसत नव्हता. मी तो केलाच नव्हता.

शेजारी आई आरामखुर्चीवरून सूचना देत होती. "अरे, आधी विटा. विटांवर गोणपाट. गोणपाट आधी चिखलात भिजव, मग टाक. कोरडा टाकून वरून माती लिंपलीस तर धरणार नाही." मी मान डोलावली. पण माझ्या मते गोणपाट भिजवला की जड होतो, जड झाला की उचलवत नाही, आणि शिवाय माती ओली आहेच ना, मग ओल्यावर ओलं कशाला? मी गोणपाट कोरडाच टाकला. वर लाल माती घमेल्याने ओतली, थापीने थापली, पाणी मारलं, पुन्हा थापली. तीन डोंगर काही मला जमण्यासारखे नव्हते म्हणून एकच पण भव्य असा डोंगर केला, आणि उरलेले दोन लांब असल्यामुळे इथून दिसत नाहीत, असं सांगायचं ठरवलं. कन्येने भुवई उडवली. ती आईची भुवई होती.

डोंगरावर हिरवळ यावी म्हणून अळीव पेरतात, हे मला नक्की माहीत होतं. दोन-तीन दिवसांत हिरवेगार कोंब येतात. बायको अनारशाच्या पिठात हात घालून बसली होती, तिला कशाला त्रास द्या, म्हणून मीच फडताळात हात घातला, बारीक दाण्यांचा डबा काढला आणि मोठ्या मायेने डोंगरभर शिंपडला. तुम्हाला काय सांगू, त्या वेळी मला शेतकरी झाल्यासारखं वाटत होतं. मुलंही दोन्ही हातांनी पेरत होती. चिरंजीवांनी थोडं खाल्लंही.

तासाभराने वरून बायकोचा आवाज आला. "डब्यातली खसखस कुठे गेली?"

आता, खसखस आणि अळीव दोन्ही बारीक असतात, दोन्ही डबे शेजारी असतात, आणि एक पांढरी असते व दुसरा तांबडा असतो ही गोष्ट संध्याकाळच्या उजेडात कुणाच्या लक्षात यावी? अनारसे खसखशीवर थापतात, हे मला लग्नानंतर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. खसखस किती महाग असते हेही त्याच दिवशी कळलं, आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात कळलं. यंदाचे आमचे अनारसे टकले होते. डोंगर मात्र बदामी हलव्याच्या तोडीचा महाग झाला होता.

रात्री पाऊस पडला. ऑक्टोबरचा तो नेहमीचा, वीज चमकवून अर्धा तास बदाबदा ओतून जाणारा. इतरांनी किल्ल्यांवर प्लॅस्टिक टाकलं होतं. मीही टाकलं होतं, फक्त चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे राहिले. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी खाली उतरलो तर प्लॅस्टिक रायगडावर जाऊन बसलं होतं, रायगड कोरडाठाक होता आणि आमच्या भव्य डोंगराचं कोरड्या गोणपाटावरून घसरून काय व्हायचं ते झालं होतं. एक ढीग डावीकडे सरकला होता, एक उजवीकडे, आणि मध्ये विटांच्या आधाराने एक कसाबसा उभा होता.

मी कप तिथेच ठेवून मटकन बसलो. सांत्वनाला काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात कन्या आली. तिने एक चक्कर मारली, कंबरेवर हात ठेवले आणि ओरडली, "बाबा! तीन झाले!"

मला आधी समजेना. मग मी मोजले. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रायणदुर्ग. जिंजी तयार होती.

त्यानंतर तिने सगळी सूत्रं हातात घेतली आणि मला विटा आणण्याच्या कामावर लावलं. आई खुर्चीवरून बोलत होती, पोरं गोणपाट चिखलात बुडवत होती. हिरवळ उगवणार नव्हती, तर कन्या म्हणाली की जिंजीचे डोंगर नाहीतरी मोठमोठ्या शिळांचेच आहेत, गवत हवंय कुणाला? मग सगळ्या पोरांनी सोसायटीभर फिरून गोटे गोळा केले आणि डोंगरांवर खोचले. दरवाजा नव्हता, तर झुल्फिकारखानाचा वेढा चालू असताना दरवाजा बंदच असणार, म्हणून तिथे नुसता तट. एक बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता. तो तोफेने पाडलेला. चिरंजीवांना तोफेचं काम मिळालं होतं, ते दर पाच मिनिटांनी चेंडू मारून तो बुरूज ऐतिहासिक करत होते.

"सगळ्या पोरांनी" असं मी म्हणालो ते तुमच्या लक्षात आलं असेल. ही पोरं कुठून आली? आमची तर दोनच. बाकीच्यांतली दोघं प्रतापगडाची होती, एक शिवनेरीची, आणि सगळ्यात जास्त रायगडाची. रायगड इतका सुरेख झाला होता की त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती, बांधणाऱ्यांच्या मुलांनासुद्धा नाही. ती बिचारी आंघोळ करून, नवे कपडे घालून, हात मागे बांधून दोरीच्या पलीकडे उभी असायची. आमच्याकडे बिघडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यामुळे जो येईल त्याला काम होतं. कुणी पाणी ओतत होतं, कुणी खंदक खणत होतं, कुणी नुसतंच माझ्या पाठीवर चिखलाचे हात उमटवत होतं. जिथे बाप हुशार असतो तिथे मुलांना बघायला मिळतं, आणि जिथे बाप आमच्यासारखा असतो तिथे मुलांना खूप काम मिळतं. हे मी ठरवून केलं असं मात्र कृपा करून समजू नका. ठरवून मी आजवर जे केलंय ते तुम्ही वर वाचलंच आहे.

परीक्षक म्हणून इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्या रायगडापाशी बराच वेळ थांबल्या, प्रशंसा केली, मग आमच्याकडे वळल्या. मी घसा खाकरून पुढे झालो, पण कन्येने मला हाताने मागे सारलं. अगदी मुरलेल्या गाइडच्या थाटात तिने सुरुवात केली. तीन डोंगर, एक तट, शिळा, आठ वर्षांचा वेढा, पडका बुरूज, कल्याण महाल. (कल्याण महाल म्हणजे मिठाईचे चार खोके एकावर एक.) बाई चष्मा सारखा करून ऐकत होत्या. "आणि दरवाजा?" त्यांनी विचारलं. "वेढा उठल्यावर उघडणार," कन्या म्हणाली. चिरंजीवांनी त्याच क्षणी चेंडू मारला आणि बुरूज बाईंच्या पायांशी येऊन पडला. बाई खळखळून हसल्या.

पहिलं बक्षीस अर्थातच रायगडाला गेलं. आमच्या जिंजीला "अभ्यासपूर्ण मांडणी"साठी उत्तेजनार्थ स्टीलचा डबा मिळाला. बायकोने तो हातात घेतला, आत-बाहेर निरखला आणि म्हणाली, "यात आता खसखस ठेवते. वर नाव लिहून."

भाऊबीजेच्या रात्री जेवून मी सहज खाली गेलो तर आमच्या किल्ल्यापाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं. बी विंगमधले इंजिनिअर साहेब. बाह्या दुमडलेल्या, हात कोपरापर्यंत लाल. मला बघून जरा दचकले. म्हणाले, "तुमचा बुरूज पुन्हा पडला होता, नीट बसवत होतो."

"बसवू नका," मी म्हणालो, "मुलं रागावतील."

"तेच म्हणतो," ते म्हणाले, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी तो बुरूज कोपराने हळूच पाडला. मग आम्ही दोघांनी तो पुन्हा रचला. मग मी पाडला. त्यांनी रचला. मध्ये कधीतरी वॉचमन येऊन विचारून गेला, की साहेब, काही हरवलंय का?

आता दिवाळी संपली, माती सोसायटीच्या कुंड्यांमध्ये गेली आणि गोटे परत जिथले तिथे. मी दर वेळेप्रमाणे पुढचा कार्यक्रम काय घ्यावा याचा विचार करत होतो, पण त्याची गरज उरलेली नाही. तो मुलांनीच परस्पर ठरवला आहे. येत्या रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात सायकल शिकवण्याचा वर्ग आहे. कन्येला दुसरीपासून सायकल येते. चिरंजीव मागची दोन चाकं काढून चालवतात. मला येत नाही, हे त्यांना माझ्या आईने सांगितलं. कॅरिअर धरायला रायगडाची सगळी फौज येणार आहे, आणि त्यांचे वडीलही येतो म्हणालेत. त्यांना फक्त बघायचंय.